टाके काढायची तारीख

"सिस्टर, अजून एकदा. मी तीन म्हटलं की दाबायचं."

"एकवीस वेळा दाबलं, साहेब. तारीख बरोबरच येतेय." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "चार वाजता मला कमिटीपुढे जायचंय."

ते मला ठाऊक होतं, कारण त्यांना तिथे धाडणारा मीच. रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद छापणारा प्रोग्राम नऊ वर्षांपूर्वी मी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. सिस्टरांच्या वॉर्डातून दोन महिन्यांत तिघं जण टाके काढायची चुकीची तारीख घेऊन घरी गेले. तिसऱ्याची जखम चिघळली. कमिटीनं विचारलं, तेव्हा कोड उघडूनही न बघता मी ऐटीत सांगितलं होतं, "भरलं असेल तेच मशीन छापतं."

आज सकाळपासून मात्र माझं बूड खुर्चीला टिकत नव्हतं. जुन्या नोंदी चाळताना दिसलं, की तिसऱ्या कागदावरची चुकीची तारीख हवेतून आलेली नव्हती. ती वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याची होती, आणि दोघांचे कागद एकाच सेकंदाला छापले गेले होते. म्हणून सिस्टरांना बोलावून शेजारशेजारच्या दोन कॉम्प्युटरवर एकदम बटण दाबायचा हा खेळ मांडला होता.

"राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "सकाळीच लिहून दिलंय मी, चूक माझी म्हणून. वॉर्ड नको, मला चादरींच्या स्टोअरला टाका म्हटलं."

"लिहून कशाला दिलंत?"

"मग काय करू? मला पक्कं आठवतंय, मी बारा तारीख भरली होती. पण माझ्या आईलाही सगळं पक्कंच आठवायचं. शेवटी तिला मीच आठवेना."

मी उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. माणसाच्या बोटांना हे वेळेचं गणित जमणार नव्हतं. मग दहा ओळी खरडल्या आणि मशीनलाच दोन वेगळ्या तारखा एकदम मागायला लावल्या, हजार वेळा. खरं सांगायचं तर अर्ध्या मनाला काही सापडू नये असंच वाटत होतं.

पडद्यावर आकडा उमटला. हजारात त्रेचाळीस चुकीच्या.

कोड उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. तारीख मांडून देणारा फॉरमॅटर मी एकच बनवला होता आणि तोच सगळ्या वॉर्डांना मिळून वापरायला दिला होता. हा जुना फॉरमॅटर जणू एका पाटीवर तारीख लिहितो आणि मग वाचून दाखवतो. दोघांनी एकदम मागितली, तर पहिल्याची पुसून दुसऱ्याची लिहिली जाते आणि पहिल्यालाही तीच वाचून दाखवली जाते. कुठे तक्रार नाही, कुठे एरर नाही. प्रत्येकाला वेगळा फॉरमॅटर द्यायला मला दहा मिनिटं लागली.

"सिस्टर, तुम्ही बाराच भरली होती. मशीननं तेवीस छापली. चूक माझी आहे."

आता या झाडणार, असं वाटलं. झाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पडद्यावरच्या त्रेचाळीसवर बोट टेकवलं.

"म्हणजे मी विसरले नव्हते."

"नव्हतात विसरला."

पावणेचार झाले होते. मी कोरा कागद ओढला. 'सिस्टीममध्ये त्रुटी आढळली' असं लिहिलं, खोडलं, आणि 'माझी चूक झाली' असं लिहिलं. सिस्टर खिडकीशी जाऊन फोनवर सुनेशी बोलत होत्या.

"मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर लावलायस ना, तो रद्द कर. हो, रद्दच. आणि ऐक, आज गॅस मी पेटवणार आहे. तू दारात उभी राहून बघत बसू नकोस."

मी खाली मान घालून पुढचं लिहीत राहिलो.