रोज एक टोपली

टोपलीला कोणी विचारत नाही, तुझं काय म्हणणं आहे म्हणून. तिने भरावं, रिकामं व्हावं आणि कोपऱ्यात गप्प पडावं. मीही पस्तीस वर्षं तेच केलं. पण आता मला चर्चच्या सभागृहात एका कपाटावर बसवलंय, माझ्या काठाला पांढरी रेशमी फीत बांधलीय, आणि खाली टेबलाशी बसून माणसं मुलांना सेवा कशी शिकवायची ते ठरवताहेत. माझ्याने आता गप्प राहवत नाही.

मी सरपणाची टोपली आहे, पाठीवर घ्यायची. स्लोव्हेनियाच्या एका डोंगरउतारावर, विंकोच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. त्याने हेझलच्या ओल्या फांद्या चिरून पट्ट्या काढल्या आणि हिवाळाभर बसून मला विणलं. विणता विणता तो बायकोला हाक मारायचा, "लुडविका, इकडे ये, पाठ दाखव!" आणि मला तिच्या पाठीला लावून बघायचा. ती म्हणायची, "शिंप्यानेसुद्धा माझी एवढी मापं घेतली नाहीत."

त्याने आणखी एक माप धरलं होतं. चूल दिवसभर पेटती राहायला जेवढी लाकडं लागतात, बरोबर तेवढीच माझ्यात मावतात. एक टोपली, एक दिवस.

लाकडांची थप्पी खाली, रस्त्याच्या अंगाला, वळचणीखाली. चूल वर. मध्ये चौदा दगडी पायऱ्या. आमच्या भागात घराची पारख त्याच्या थप्पीवरून करतात, आणि लुडविकाची थप्पी बघायला लोक गाडी हळू करत. प्रत्येक लाकूड साल वरच्या बाजूला ठेवून लावलेलं, दोन्ही टोकांना आडवी-उभी बांधणी, कुठे फट नाही. विंको गेल्यावरही नऊ वर्षं तिने एकटीने ती तशीच रचली. ऑगस्टमध्ये थप्पी लावायची आणि नोव्हेंबरपासून रोज सकाळी मला पाठीवर घेऊन त्या चौदा पायऱ्या चढायच्या.

तिची मुलगी झ्देन्का शहरात राहते. ती आली की मला पायाने बाजूला सारायची. "आई, ज्या दिवशी तुला ही टोपली उचलवणार नाही ना, त्या दिवशी वृद्धाश्रम. मी स्पष्ट सांगतेय. रोज सत्तर किलोमीटर मला जमायचं नाही."

"उचलवेल गं," लुडविका म्हणायची. माझ्यावर तिचं घर अवलंबून होतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग बर्नार्डा आली. दृढीकरण, म्हणजे मुलांची श्रद्धा पक्की करण्याचा चर्चचा संस्कार, त्याच्या आधी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना धर्मशिक्षण देणारी ही बाई. दुष्ट नव्हे. दुष्ट असती तर मला बोलायला सोपं गेलं असतं. उत्साही, निळी फाइल छातीशी धरून फिरणारी, सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारी. तिच्या फाइलीत एक कार्यक्रम होता: मुलांनी एका एकट्या म्हाताऱ्या माणसाची सेवा करायची.

पहिल्या वर्षी ते खरंच छान झालं, खोटं कशाला बोलू. लाकडं नुकतीच फोडून अंगणात पडली होती. मुलांनी दोन तास धुडगूस घालत ती रचली. थप्पी दारुड्यासारखी कलंडली होती. मुलं गेल्यावर लुडविकाने आठवडाभर खपून ती उतरवली आणि नीट लावली. पण हसत होती. पोरांचा एक हातमोजा अंगणात राहिला होता, तो तिने चुलीवर वाळवून जपून ठेवला.

दुसऱ्या वर्षी बर्नार्डाचा कार्यक्रम लांबला. ती ऑक्टोबरात आली, तेव्हा थप्पी लागून झाली होती.

"अगंबाई, काकू! तुम्ही रचलीत पण?" ती घाबरून म्हणाली. "शनिवारी एकवीस मुलं येणार आहेत. पत्रक छापून झालंय."

"मग दुसरं काही काम सांगते."

"दुसरं काय? गवत? मुलांना ॲलर्जी असते. माळा झाडायचा? पडलं-बिडलं कोणी तर पालक मला फाडून खातील." तिने थप्पीकडे पाहिलं. "थोडी पाडली तर? सगळी नको. दोन तासांना पुरतील एवढीच."

लुडविका तिच्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि शुक्रवारी तिने मला पाठीवर घेतलं. आपल्या हाताने लावलेली थप्पी उतरवून अंगणाच्या मधोमध ढीग घातला. शनिवारी मुलांनी तो रचला. पुढच्या आठवड्यात तिने तो पुन्हा सरळ केला. एकच लाकूड चार चार वेळा हातातून गेलं, आणि याला म्हणे तिची सेवा.

का केलं तिने असं? त्या दोन तासांसाठी. अंगणात वर्षभर कावळ्याशिवाय कोणी ओरडत नाही.

तिसरं वर्ष म्हणजे गेल्या वर्षीचं. तेव्हा ती एकोणऐंशीची झाली होती. बर्नार्डा या खेपेला फादर सिल्वेस्टरना घेऊन आली. स्वयंपाकघरात कॉफी झाली. लुडविकाने मला उचलून टेबलाशेजारी ठेवलं, जसं काही मीही बैठकीला होते.

"फादर, एक मागणं आहे," ती म्हणाली. "मला थप्पी नकोय. ती मी लावते, सवड असते मला. मला हिवाळ्यात एक टोपली हवी. रोज. बर्फात पायऱ्या चढताना आता भीती वाटते. एकवीस मुलं आहेत. शाळेतून येताना एकेकाने एकेक दिवस यायचं. तीन आठवड्यांनी एकदा पाळी. दहा मिनिटांचं काम."

बर्नार्डाने फाइल उघडली, बंद केली. "काकू, कल्पना सुंदर आहे. पण रोजचं कसं बसवणार? कोणाचं संगीत, कोणाचं फुटबॉल, कोणाची इंग्रजीची शिकवणी. आणि सगळे एकत्र असले की भावना तयार होते. एकटं मूल टोपली घेऊन चढलं, तर त्यात अनुभव काय?"

"अनुभव नाही. लाकडं," लुडविका म्हणाली.

फादर मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय. "बघू, काकू. आधी शनिवार पार पडू दे. मग मुलांसमोरच विषय काढू."

एवढ्या 'बघू'वर तिने पुन्हा थप्पी उतरवली. मनात म्हणत असेल, मुलं आली की मीच त्यांना विचारीन, मुलं नाही म्हणायची नाहीत. शुक्रवारी दुपारी शेवटच्या खेपेला मी भरलेली होते. ती उठताना तिच्या कमरेत काहीतरी सटकलं. तो कण्हण्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. माझ्यासकट ती भिंतीला टेकून बराच वेळ उभी राहिली. नंतर मला तिथेच रिकामं केलं, आणि कठडा धरून एकेक पायरी वर गेली. रात्रभर आराम करण्याऐवजी तिने अक्रोडाच्या दोन पोटीत्सा भाजल्या, कारण मुलांना तो गुंडाळीचा केक आवडतो.

शनिवारी ती कठडा धरून कशीबशी खाली आली. खुर्ची अंगणात आणवून तिने मांडीवर घोंगडी घेतली आणि मग उठलीच नाही. का उठत नाही, असं कोणी विचारलं नाही. उलट बर्नार्डा म्हणाली, "बघा मुलांनो, आज आजींना आपण आराम दिलाय!"

तिंकारा नावाची एक मुलगी लाकडं लावता लावता थांबली आणि भिंतीकडे टक लावून बघू लागली. भिंत वरून काळवंडलेली, आणि खाली थप्पीच्या आकाराचा पांढराशुभ्र चुना. उन्हापावसाने जिथे कधी बोट लावलं नाही, तेवढाच भाग पांढरा.

"बाई, ही लाकडं इथेच होती," ती म्हणाली. "कोणीतरी पाडलीत. बघा ना, कोळिष्टकं ताजी तुटलीत."

सगळे हात थांबले. लुडविका मान खाली घालून घोंगडीचे धागे ओढत राहिली, चोरी तिनेच केल्यासारखी.

"तिंकारा," बर्नार्डा मऊ आवाजात म्हणाली, "लाकडं कुठे होती ते महत्त्वाचं नसतं. आपण मनापासून करतोय ना, ते महत्त्वाचं असतं. चला, हात चालवा, फोटो काढायचाय."

मुलीने एकदा म्हातारीकडे पाहिलं आणि पुढचं लाकूड उचललं. त्या दिवशी मुलं काय शिकली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जे दिसतं ते दिसलं नाही म्हणायचं, आणि मग केक खायचा.

पोटीत्सा खाताना लुडविकाने विचारलंच. "पोरांनो, हिवाळ्यात याल का? एखाद्या मंगळवारी? ही टोपली तेवढी वर आणून द्यायची."

"हो आजी!" एकवीस हात वर गेले. एक मुलगा म्हणाला, "मी तर दोन टोपल्या आणीन!" दुसरा म्हणाला, "तुला स्वतःचं दप्तर उचलवत नाही रे!" सगळे खिदळले. लुडविका इतकी खूश झाली की मलाही खरं वाटलं.

डिसेंबरात बर्फ पडला. मंगळवार आला, दुसरा आला, तिसरा आला. ती खिडकीशी बसून शाळेच्या बसची वाट बघायची. बस फाट्यावर थांबायची, रंगीबेरंगी टोप्या खाली उतरायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. नाताळला मात्र मुलांचं कार्ड आलं. त्यावर थप्पीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, "आम्हाला सेवेची संधी दिल्याबद्दल धन्यवाद."

तिने मला अर्धी भरून आणायला सुरुवात केली, दोन खेपांत. मग पाव. मग तळाला चार लाकडं. जानेवारीच्या अखेरीला मी पायऱ्यांच्या वरच राहिले, कारण तिला खाली उतरवेना. मग तिने घरात असेल ते जाळलं. जुना पाट, विंकोच्या सुतारकामाच्या पेटीचं झाकण, मग त्याची खुर्ची. चौदा पायऱ्या खाली उरलेल्या हिवाळ्याचं सरपण रचलेलं होतं, आणि वर ही बाई कोट घालून नवऱ्याची खुर्ची जाळत होती. कार्ड तेवढं तिने चुलीत घातलं नाही.

फेब्रुवारीत झ्देन्का आली. दारातच थबकली. "आई, बाबांची खुर्ची कुठे गेली?"

"जुनी झाली होती."

"फोन का नाही केलास?"

"केला असता तर तू काय केलं असतंस, ते ठाऊक होतं मला."

झ्देन्का रडली, ओरडली, आणि दोन तासांत बॅग भरली. निघताना लुडविकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "टोपली घे."

"आई, तिथे भिंतीला रेडिएटर आहेत!"

मी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला राहिले. माझ्यात बर्फ साचला आणि वितळला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे एक रिवाज असतो. भल्या सकाळी चर्चपाशी विस्तवाला आशीर्वाद देतात. मुलं झाडावरची वाळकी अळंबी त्यावर धुमसवतात, डब्यात घालतात आणि घरोघरी नेतात. प्रत्येक चूल त्या विस्तवाने पेटते. त्या शनिवारी मुलं आमच्याही पायऱ्या चढून आली. हातात धुमसते डबे, बर्नार्डा मागे पडलेली. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.

"कोणी नाही वाटतं," एक मुलगा म्हणाला.

तिंकारा कठड्यावरून खाली बघत होती. "बाई, निम्म्याहून जास्त लाकडं तशीच आहेत. मग आजींनी जाळलं काय?"

बर्नार्डाचा चेहरा उतरला. "आजींना आता छान ठिकाणी ठेवलंय. फेब्रुवारीपासून."

"आपल्याला का नाही सांगितलं?"

"सणाच्या दिवशी कशाला तो विषय, बाळा?" बर्नार्डाने डोळे टिपले, आणि त्याच ओल्या डोळ्यांना मी दिसले. "अय्या, ही टोपली! दृढीकरणाच्या दिवशी वेदीपाशी किती शोभेल."

मुलांच्या हातातला विस्तव धुमसत होता. तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो घेऊन पुढचं घर गाठलं.

मे महिन्यात मला फीत बांधून वेदीपाशी ठेवलं. प्रत्येक मुलाने आपलं सत्कृत्य चिठ्ठीवर लिहून माझ्यात टाकलं. बिशपनी वरची एक चिठ्ठी उचलून वाचली, "मी एकट्या आजीची लाकडं रचली." लोकांचे डोळे पाणावले. हात तळापर्यंत कोणी घातला नाही. तळाशी तिंकाराची चिठ्ठी आहे. "लाकडं आधीच रचलेली होती. मला कळलं होतं. नंतर मी एकाही मंगळवारी गेले नाही." त्या दिवसानंतर ती चर्चला दिसलेली नाही, पण तसं तर दृढीकरण झाल्यावर कोणीच दिसत नाही.

फादर सिल्वेस्टर अधूनमधून वृद्धाश्रमात जाऊन येतात. परवा ते बर्नार्डाला सांगत होते, लुडविका रेडिएटरशी बसते आणि येईल त्या नर्सला विचारते, "आज टोपली कोणी आणली?"

"बिचारी," बर्नार्डा म्हणाली, आणि फाइल उघडली.

आज खाली तीच बैठक चाललीय. यंदाची पंचवीस मुलं. ओढ्यापलीकडच्या फ्लोरियानबाबांच्या अंगणातला पाचोळा गोळा करायचा, असं ठरतंय.

"पण त्यांनी तो गोळा केलाय," कोणीतरी म्हणालं. "काल जाताना पाहिलं मी. ढीग लावून ठेवलेत."

फाइलीची पानं फडफडली. मग बर्नार्डाचा उत्साही आवाज. "बोलते मी त्यांच्याशी. थोडा परत पसरून ठेवा म्हणते."

फ्लोरियानबाबा, मी लुडविकाची टोपली. माझा आवाज ओढ्यापलीकडे पोचत नसेल, तरी सांगते. पाचोळा पसरू नका. ती दारात येईल, गोड बोलेल, तुमचंही मन पाघळेल, कारण तुमच्याही अंगणात वर्षभर कोणी ओरडत नाही. तरी पसरू नका. केक भाजू नका. हसून फोटोला बसू नका. तिला दारातच उभी करा आणि एवढंच विचारा, "मंगळवारी कोण येणार?"