एकाच चरातल्या दोन तारा

म्हैसूरजवळ कडकोळच्या रंगाच्या कारखान्यात गेटाजवळ जेसीबी येऊन उभा राहिला, तेव्हा संताजीरावांचा चहा हातातच राहिला. पावसाच्या पाण्यासाठी तिथून गटार काढायचं होतं.

इंजिनियर सहाना जीपवर नकाशा पसरून उभी होती. म्हणाली, "काका, इथनं एकच केबल जाते, अल्वा? हो ना? जपून खणायला सांगते. तुटली तरी दुसरी बाजू आहे."

कारखान्याभोवती काचेच्या तारेचं कडं होतं. आठ टाक्यांमधला रंग किती तापला, हे त्या तारेतून कंट्रोल रूमला कळायचं. कडं एका जागी तुटलं तर निरोप उलट्या बाजूने फिरून पोचायचा. म्हणून एक तार गेटाकडून आणि दुसरी मागच्या खडकाकडून नेलेली, असं नकाशात होतं. खाली संताजीरावांची सही होती. निवृत्त झाल्यावरही त्यांना देखरेखीला ठेवलं होतं, ते त्याच सहीच्या विश्वासावर.

अकरा वर्षांपूर्वी तारा टाकायचं काम त्यांच्याकडेच होतं. गेटाकडची तार टाकून झाली, खडकाकडचा चर अर्धा राहिला आणि आयुधपूजा आली. पहारी, कुदळी, ब्रेकर, सगळं धुऊन, कुंकू लावून पूजेला मांडलं. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. संताजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. घरातला हा नेम तलवारींच्या काळापासूनचा. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, कडं चालू व्हायचं होतं. उघडा होता तो गेटाकडचाच चर. दुसरी तारही त्यांनी हातांनी ओढून त्यातच टाकली. दसरा होऊ दे, मग काढून खडकाकडून नेऊ, असं मनाशी ठरवलं.

पण कडं चालू झालं आणि कधी अडलंच नाही. न अडणारी गोष्ट कोण उकरून काढणार?

"इथे हाताने खणू या," संताजीराव म्हणाले.

"का?"

"जमीन बरी नाही."

सहाना हसली. "बिडी, सोडा हो काका. रिटायर झाल्यापासून तुम्हाला माझ्यापेक्षा जेसीबीची भीती जास्त." तिने ड्रायव्हरला हात केला. "मंजुनाथ, शुरू माडी."

इंजिन घुरघुरलं. आठही टाक्या तापलेल्या होत्या. संताजीराव चालत जाऊन जेसीबीच्या दातांपुढे उभे राहिले.

"दोन्ही तारा इथेच आहेत, सहाना. नकाशा खोटा आहे. मीच केला."

तिने इंजिन बंद करायला लावलं. तिला आधी खरं वाटलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, पूजेसकट.

"मागच्या महिन्यात मी लिहून दिलंय, दोन वेगळ्या वाटा आहेत म्हणून," ती म्हणाली. "तुमची सही बघून."

"माहीत आहे."

"अकरा वर्षांत एकदा पण आठवलं नाही?"

"रोज आठवायचं. गेटातून आत शिरताना."

"मग?"

"काही बंद पडत नव्हतं, पोरी. बंद पडलं असतं तर पहिल्याच वर्षी सांगितलं असतं."

चौघा माणसांनी फावड्यांनी जपून माती ओढली. कमरेइतकं खोल गेल्यावर तारा दिसल्या. दोन्ही एकीला एक चिकटून पडलेल्या.

सहाना बाजूला जाऊन मॅनेजर राघवेंद्र साहेबांशी फोनवर बराच वेळ कन्नडमध्ये बोलली. परत आली ती थेट संताजीरावांकडे.

"पास परत घ्यायला सांगितलंय."

संताजीरावांनी गळ्यातला पास काढून तिच्या हातात दिला. तो घालून त्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूने झिजली होती.

"खडकाकडचा अर्धा चर कुठे थांबला, नकाशात नाही," ती म्हणाली. "कोणाला माहीत आहे?"

"मला."

"सोमवारी खणायला घेते. गेटावर पाहुणा म्हणून तुमचं नाव लिहून ठेवू?"

चरातल्या माणसाचं फावडं तारेच्या फार जवळ जात होतं. संताजीराव काठावर खाली बसले आणि म्हणाले, "तिथे हाताने, हाताने."

मग वर बघून तिला म्हणाले, "आठ वाजता येतो. उन्हाच्या आधी."