खोटी खबर

पांढरी चादर दिशाच्या तोंडावर ओढली गेली, तसा सुंदरानं नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"अवं, पोरीला झाकलं."

"नाटक हाय ते. गप बस," नवसू पुटपुटला.

"पर कुनीच रडंना की!"

खरंच कुणी रडत नव्हतं. मंचरच्या मंगल कार्यालयात एकांकिका महोत्सव चालला होता आणि या नाटकाचा शेवटच तसा होता. मेलेल्या सुनेकडे पाठ करून घरातली चार माणसं निमूट जेवत होती. राजुरीहून निघतानाच दिशानं बजावलं होतं, "आई, शेवटाला कुनी हूं की चूं केलं, तर आमची दोन महिन्यांची मेहनत वाया. तू रडायचं न्हाई."

मेंढरं दिराच्या हवाली करून सुंदरा आली होती. आधीची दोन नाटकं तिनं मजेत पाहिली. दिवा विझला की रात्र, लागला की सकाळ. एवढ्याशा फळ्यांवर एक माणूस दुबईला जाऊन परतसुद्धा आला. आता मात्र तिची नजर चादरीवरून हलत नव्हती. छातीपाशी चादर जेमतेम वर-खाली होत होती. म्हणजे श्वास चालू होता.

पण श्वासाचा प्रश्न नव्हता. जित्या माणसाला कावळा शिवला, की पाहुण्यांकडे त्याच्या मरणाची खोटी खबर धाडायची, ही त्यांच्यातली रीत. ऐकणाऱ्यानं खरं मानून रडायचं. रडणं झालं की मरणाला वाटतं, आपलं काम उरकलं. ते निघून जातं. दिशा लहान असताना तिच्या डोक्याला कावळा शिवला होता. तेव्हा पिंपरी पेंढारहून सुंदराची आई ऊर बडवत आली होती आणि अंगणात खेळणारी नात बघून हसत हसत मटकन खाली बसली होती.

आता आई नव्हती. इथं एवढ्या माणसांसमोर पोर मेली होती आणि पुढच्या ओळीतली बाई शेंगा सोलत होती.

हुंदका वर आला तसा सुंदरानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती बाहेर पळाली.

फाटकाशी, चहाच्या टपरीमागं बसून तिनं रडू मोकळं सोडलं. पण हे रडणं कामाचं नाही, हे तिला ठाऊक होतं. खरं काय ते माहीत असलेल्याचं रडणं मरण धरत नाही.

"काय झालं गं बाई?" टपरीवाली लंकाबाई पाणी घेऊन आली. "कोन गेलं?"

सुंदरानं वर पाहिलं. बाई अगदी अनोळखी होती.

"लेक," ती म्हणाली. "एकुलती एक."

लंकाबाई तिथंच खाली बसली. तिनं सुंदराचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तीच रडू लागली; आधी हळू, मग मोठ्यानं, "माझी भागू गं, माझी सोनी गं" करत. सुंदराचं रडणं थांबलं, तरी तिचं थांबेना.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. थोड्या वेळानं दिशा नाटकातल्याच लुगड्यात, चेहऱ्यावर पांढरा रंग तसाच, धावत बाहेर आली. मागून नवसू.

"आई! अगं, खुर्चीसुद्धा वाजली न्हाई कुनाची! तू कुठं व्हतीस?"

लंकाबाईनं पोरीकडं पाहिलं, मग सुंदराकडं.

"ही?"

सुंदरानं तिचे पाय धरले. "नाटकात मेली व्हती वो. रडायला कुनीच नव्हतं. चुकले मी."

"काय केलंस गं हे?" नवसूची मान खाली गेली.

लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं नाक शिंकरलं.

"कावळ्याची रीत. आमच्यात बी हाय." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "माझ्या भागूच्या टायमाला आमाला कुनाला सुचलं न्हाई."

टपरीवर दोन गिऱ्हाइकं चहासाठी खोळंबली होती. तिकडं न बघता तिनं दिशाला बोलावलं.

"हिकडं ये. आदी ते त्वांड धू."

दिशानं गोंधळून आईकडं पाहिलं आणि ओंजळ पुढं केली. लंकाबाई पाणी ओतत राहिली. पांढरा रंग मनगटांवरून ओघळला, खालून पोरीचे सावळे गाल दिसू लागले. दिशा म्हणाली, "बास मावशी, निघालं समदं." तरी लंकाबाईचा हात थांबला नाही.