जवान हसला

शेवंताबाईंचं पत्र बाळाराम गुरुजींनी चोवीस वर्षं शब्दकोशात ठेवलं होतं. उत्तर कधी दिलं नाही. दिवसातून दोनदा शब्दकोश उघडणाऱ्या माणसाने पत्र नेमकं तिथेच ठेवावं, म्हणजे त्याला ते विसरायचंही नव्हतं आणि त्याला तोंडही द्यायचं नव्हतं.

पत्र अर्ध्या पानाचं, खारबावहून आलेलं. 'गुरुजी, जयभीम. तुमचं पुस्तक माझ्या मुलाला शाळेत बक्षीस मिळालं. त्यात लिहिलंय, गोळी लागली तरी जवान हसला. ते हसले नाहीत. त्यांच्या सोबतचा माणूस घरी येऊन सांगून गेला, ते सकाळपर्यंत पाणी मागत होते. सुमित विचारतो, आई, आपल्याला सोडून जाताना बाबा का हसले? त्याला काय सांगू ते कळवा.'

कारगिलच्या लढाईत शेवंताबाईंचा नवरा सुगत गेला, तेव्हा गुरुजींनी मुलांसाठी 'बर्फातला वीर' हे पुस्तक लिहिलं. लिहिण्याआधी ते त्याच्या घरी जायला निघालेही होते. पण दारात चपलांचा ढीग दिसला, आतून बायकांचं रडणं ऐकू आलं आणि भिडस्त गुरुजी कोपऱ्यावरूनच मागे फिरले. मग घरी बसून, वर्तमानपत्राच्या कात्रणावरून त्यांनी ते मरण रंगवलं. उंटावरून शेळ्या हाकल्या. ते हसू त्यांच्या पदरचं.

यंदा त्या पुस्तकाची रंगीत आवृत्ती निघणार होती, तालुक्यातल्या शाळांतून वाटायला. प्रकाशकाचा तरुण माणूस कुणाल सहीचा कागद घेऊन भिवंडीला आला आणि आधी गुरुजींना गाडीत घालून वळ गावाच्या बाजूच्या एका शाळेत घेऊन गेला. तिथल्या मुख्याध्यापिका सुकन्या म्हणजे गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. चौथीच्या मुलांनी पुस्तकाचं नाटुकलं बसवलं होतं.

भाड्याचा लष्करी गणवेश घालून दर्शन नावाचा गोरागोमटा मुलगा जवान झाला होता.

"आणि शत्रू?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"ती पाड्यावरची चौघं," शेजारचे शिक्षक म्हणाले. "यांना काळा रंगसुद्धा फासावा लागत नाही, गुरुजी. एकदम रेडिमेड!"

कुणाल खुदकन हसला. गुरुजींच्या लहानपणी शाळेच्या नाटकात राक्षस व्हायला कायम बौद्धवाड्यातलं पोर लागायचं. दोनदा ते पोर बाळाराम होतं. आज त्यांच्याच पुस्तकाने राक्षस पाड्यावरून आणले होते.

नाटक सुरू झालं. प्लॅस्टिकच्या बंदुका कडकडू लागल्या. पुढच्या रांगेतली चिमुरडी गुडघ्यांवर उठून ओरडत होती, "मार, मार! भेजा उडव त्याचा!" शत्रू पटापट पडले. त्यांतल्या एका मुलीच्या पाठीवर बूट रोवून दर्शनने झेंडा उभा केला. मग त्याला गोळी लागली. त्याने छातीवर हात ठेवला, सगळे दात दाखवले आणि हा हा हा करून हसला.

टाळ्या. "वन्स मोर!"

तो तीनदा मेला. तिसऱ्यांदा इतका हसला की त्याला उचकी लागली. शिक्षकांनी मोबाइल पुढे केले. ते हसू आपल्याच तोंडातून गळतंय, असं गुरुजींना वाटलं. त्यांनी रुमाल ओठांवर दाबून धरला. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली होती, तिच्याकडेही बघवेना.

नाटक संपल्यावर ती पाठीवर बूट पडलेली मुलगी जवळ आली. फ्रॉकवर मातीचा ठसा तसाच होता. नाव जागृती.

"गुरुजी, गोष्ट तुमी लिवली?"

"हो, बाळ."

"मंग मला पन हसत मरायचा हाय. शत्रू हसत न्हाय का?"

"जागृती, गप!" सुकन्या म्हणाली. "शत्रूने रडायचं असतं, सांगितलं ना?"

"मरताना कोणीच हसत नाही, बाळ," गुरुजी म्हणाले. "मी खोटं लिहिलं."

जागृतीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "खोटा? मंग पुस्तकात कसा छापला?"

गुरुजी उठून ऑफिसात जाऊन बसले. कुणालने टेबलावर नवं मुखपृष्ठ पसरलं. "सर, स्माईल जरा मोठी केलीय. मुलांना आवडते."

"आणि सर, खारबावला पहिली प्रत कोणाला देणार, ओळखा," सुकन्या उत्साहाने म्हणाली. "शेवंताकाकींच्या नातीला! सुमितची मुलगी, यंदाच पहिलीत गेलीय."

म्हणजे ती विचारणार, आजी, आजोबा का हसले? गुरुजींनी मुखपृष्ठ पालथं केलं. चाळीस वर्षं स्वतःच्या प्रत्येक वाक्यावर शंका घेतलेला माणूस तो. पण या एका वाक्याबद्दल आता शंका उरली नव्हती. ते घाण होतं.

"ते हसणं काढा," ते म्हणाले. "जवान सकाळपर्यंत पाणी मागत होता, असं छापा."

"सर, प्लीज! चौथीच्या मुलांना असलं कसं द्यायचं? घाबरतील ती."

"घाबरू देत."

"छपाईचा कागद वळच्या गोदामात येऊन पडलाय, सर. मजकूर मंजूर झालाय. या वयात तुमचं नाव होतंय, तर…"

"मग पुस्तकच नको."

आवाज इतका बारीक निघाला की कुणालला ऐकू गेला नाही. गुरुजींना ते पुन्हा म्हणावं लागलं. सहीचा कागद त्यांनी सही न करताच परत सरकवला.

"सर, मुलांनी एवढी मेहनत घेतली," सुकन्या हिरमुसून म्हणाली.

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले आणि उठले.

गाडीने सोडायला त्यांनी नकार दिला. रिक्षाने ते भिवंडीच्या पोस्टात आले, आंतरदेशीय पत्रं घेतली आणि तिथल्याच डगमगत्या टेबलावर लिहायला बसले. दोन फाडली. तिसरं राहिलं.

'शेवंताबाई, जयभीम. सुमितला सांगा, बाबा हसले नाहीत. ते पाणी मागत होते. हसू माझं होतं, मी घरी बसून लिहिलं. तुमच्या घराच्या कोपऱ्यावरूनच परत फिरलो होतो. पुस्तक पुन्हा छापू दिलं नाही. तुमच्या नातीने कधी विचारलं, तर हे पत्र तिला वाचून दाखवा. तुम्ही बोलावलंत तर येईन आणि ऐकून घेईन. तुम्ही सांगाल तेवढंच. बाळाराम.'

पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात थबकला. 'ऐकून घेईन' बरोबर आहे का? की 'ऐकायला येईन' हवं? विचार चालू असतानाच बोटं सुटली आणि पत्र आत पडलं.