इतवारचा तास

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्यापुढे आठवड्याचं वेळापत्रक आहे आणि त्यातली एकही चौकट रिकामी नाही. आता त्यात एक नवा विषय बसवायचा आहे. कुठे बसवाल?

कुसुमबाई याच कोड्यात अडकल्या होत्या. ही ऐंशीनंतरची गोष्ट. वडनेरच्या हायस्कुलात त्या गणित शिकवत. बाजारात फटाफट तोंडी हिशेब करणारी पोरं पाटीवर का अडखळतात, यावर त्यांना नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची होती. नागपूरच्या विद्यापीठातल्या सरांनी बजावलं होतं, "आधी दोन विषय पुरे करा, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र. तास रविवारी. पहिल्याच तासाला जो आला नाही, त्याचं नाव यंदा गेलं."

आणि रविवार म्हणजे गावचा बाजार.

घरची भाजीची वाडी. माणसांनी पिकवायचं, पोती बाजारात टाकायची आणि हॉटेलात चहाला बसायचं. विकायचं बायांनी, अशी रीत. सासूबाई लीलाबाईंचे गुडघे धरले, तेव्हापासून त्यांच्या जागी कुसुमबाई बसत.

त्यांनी कागदावर नाना तऱ्हा करून पाहिल्या. संख्याशास्त्र पुढच्या वर्षावर ढकललं, तर पद्धतीचा तासही रविवारीच. मधल्या वारी तास होते, पण ऐन शाळेच्या वेळात. घरी वाचून चालेल का, विचारलं. सर नाही म्हणाले.

घरात मात्र नाही कोणीच म्हणत नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

"शिक ना बाई, आमी काय अडवून राह्यलो?" लीलाबाई म्हणाल्या. "एम.एड. झालेली सून माही पोत्यावर बसते. दाखवा गावात दुसरी!"

"मंग इतवारी कोण बसंन?" कुसुमबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

पुंडलिकराव हसले. "मी बसू बायाईच्या ओळीत? एक लुगडं दे मंग मले."

सगळे हसले. हसता हसता कुसुमबाईंनी कागदाची घडी घातली. त्यांची तिसरीतली लेक गुलाब तेवढी हसली नाही.

"काऊन बाबा? लोक लुगडं पाहून वांगे घेतेत का?"

"चूप वं! मोठी वकील झाली."

पहिल्या तासाचा रविवार उजाडला. कुसुमबाई नेहमीच्या पोत्यावर बसल्या. पुढ्यात वांग्यांचा ढीग, हातात तराजू, समोर गिऱ्हाईक. तेवढ्यात नागपूरला जाणारी बस येऊन रस्त्यावर थांबली. त्यांनी बसकडे पाहिलं आणि पारड्यात वांगी टाकली. उठायचं तरी कसं? ढीग कोणाच्या हवाली करायचा? पुंडलिकराव शेवटचं पोतं टाकून हॉटेलाकडे वळले होते.

आईशेजारी बसलेली गुलाब ताडकन उठली. धावत जाऊन तिनं बापाची बाही धरली आणि त्याला ओढत ओळीत आणलं. आईच्या हातातला तराजू घेतला नि त्याच्या हातात दिला.

"धुरपतामावशी कवाची उभी हाय, बाबा. अर्धा किलो मोजा."

ओळीतल्या बाया पदरात तोंड लपवून हसू लागल्या. "बसा भाऊजी, बसा! आमाले सोबत झाली." पुंडलिकरावांचे कान लाल झाले. तराजू ठेवावा तर धुरपताबाई पिशवी उघडून समोर उभ्या.

कंडक्टरनं घंटी दिली. कुसुमबाई अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत.

गुलाब थांबली नाही. ती पळत सुटली, बसच्या पायरीवर चढली आणि दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, आईकडे पाहत उभी राहिली. कंडक्टर ओरडत राहिला. ती काही उतरली नाही.