बंपरला भोक न पाडता

भोकाची खूण करायला बंपरवर सेंटर पंच टेकवून मी हातोडी उचलली, तेवढ्यात म्हाताऱ्याने बंपरवर पंजा ठेवला. हातोडी मी कशीबशी बाजूला वळवली.

"होल नहीं करने का," तो म्हणाला.

"हज्जी, हाथ निकालो. लग जाएगा."

"होल नहीं. मेरा लड़का गुस्सा करेगा."

हिंदी मुंबईची होती. जुने कुवेती व्यापारी पूर्वी मुंबईला येऊन राहायचे. हाही तरुणपणी चार वर्षं मस्जिद बंदरला खजुराच्या वखारीत होता, हे नंतर कळलं. मी विचारलं, "लड़का कहाँ है?"

"आएगा," तो म्हणाला आणि पंजा तसाच ठेवून उभा राहिला.

ही २००२ सालची गोष्ट. मी तेव्हा कुवेतमध्ये, सुलैबियातल्या एका गॅरेजमध्ये डेंटिंग-वेल्डिंग करत होतो. सोबत शंकर होता, माझ्याच कुडाळकडचा, आणि राहायलाही आम्ही अब्बासियात एकाच खोलीत. त्याने मला पाण्याच्या कूलरपाशी बोलावलं.

"मेल्या, तो अबू यूसुफ. यूसुफाचो बापूस. झिलाक त्येच्या इराक्यांनी धरून नेल्यानी, नव्वद सालात. अजून पत्तो नाय."

"मगे गुस्सो कोण करतलो?"

"ता त्याकाच इचार. माका कित्याक इचारतंस?"

मी परत गाडीपाशी गेलो. गाडी गडद निळी. बारा वर्षं जुनी, पण काट्यावर तीनशे चाळीस किलोमीटर. यूसुफने ती नव्वदच्या जुलैत घेतली होती. पुढची नंबर प्लेट लावायला शोरूमवाले भोकं पाडत होते, ती त्याने पाडू दिली नाहीत. प्लेट काचेच्या आत ठेवून तो फिरायचा. गाडीचं तोंड चांगलं दिसतं, ते कशाला बिघडवायचं, म्हणायचा. ऑगस्टमध्ये इराकी आले. बापाने चाकं काढून गाडी घरामागच्या कोठारात ठेवली आणि पुढे विटांची भिंत बांधून घेतली. गाडी राहिली. मुलगा दुसऱ्याच कोणाच्या तरी पिकअपमधून पाणी पोचवायला गेला होता, त्याला नाक्यावर उतरवून घेतलं.

आता गाडीचे कागद नवे करायचे होते. तपासणीवाल्याने सांगितलं होतं, पुढची प्लेट जागेवर घट्ट बसलेली पाहिजे, काचेमागे चालणार नाही.

"तो आला की गाडी चालू पाहिजे," अबू यूसुफ हिंदीतच म्हणाला. "कागद पाहिजेत, प्लेट पाहिजे. आणि त्याला नको असेल तर हाताने निघाली पाहिजे. बंपरवर ओरखडा नको. होईल?"

मी म्हणालो, "दोन दिवस ठेवून जा."

गाडी आत घ्यायला मी सीटवर बसलो. पाय पेडलपर्यंत पुरेनात. यूसुफ उंच असावा. सीट पुढे घ्यायला हात खाली नेला तर म्हातारा खिडकीतून म्हणाला, "सीट वैसे ही रहने दो." आरशात बघितलं तर मागचा रस्ता दिसत नव्हता, गाडीचं छतच दिसत होतं. आरसा दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसाठी लावलेला होता. मी त्याला हात लावला नाही. सीटच्या कडेवर बसून गाडी हळूहळू आत घेतली. गाडीत अत्तराचा वास होता. बारा वर्षं बंद असलेल्या गाडीत तो कसा राहिला मला माहीत नाही. मी एकटाच होतो, पण उतरताना दार जपून लावलं, शेजारी कोणी झोपलेलं असताना लावतात तसं.

त्या संध्याकाळी खोलीवर पडल्यापडल्या मी विशाखाच्या दोरीकडे बघत होतो.

विशाखा माझी बायको. सत्याण्णवच्या हिवाळ्यात ती व्हिजिट व्हिसावर तीन महिने इथे आली होती. शंकर तेवढे दिवस मित्रांकडे जाऊन राहिला. लग्नाच्या सतरा वर्षांत आम्ही सलग तीन महिने एकत्र काढले ते तेवढेच. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, मिसरी होता, आणि भिंतीत खिळा ठोकायची त्याची सक्त मनाई. मी म्हटलं, हारिसाच्या नकळत दोन खिळे ठोकतो.

"खिळो कित्याक होयो?" ती म्हणाली. "भिंत लोकांची. तिका कित्याक दुखवूची?"

तिने खिडकीच्या गजापासून एसीच्या पाइपपर्यंत दोरी बांधली. कपड्यांचे तारेचे हँगर मोडून आकडे केले. पाइपचा रंग खरवडू नये म्हणून गाठीखाली साडीच्या फॉलची पट्टी गुंडाळली. कपडे, पिशव्या, आरसा, गणपतीचं कॅलेंडर, सगळं त्या दोरीवर राहिलं. गावी मात्र तसं नव्हतं. तिथे मी ड्रिल घेतलं की ती खाली घडी घातलेला पेपर धरायची, भुसा जमिनीवर पडू नये म्हणून. "जरा डावीकडे," म्हणायची. तिच्या सांगण्याने पाडलेलं भोक कधी वाकडं गेलं नाही.

ती परत गेली, दोरी राहिली. दोन हजार सालच्या ऑगस्टात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची चावी साहेबाकडे, साहेब सुट्टीवर. मी पाचव्या दिवशी पोचलो. घरात सारवलेलं होतं आणि कोपऱ्यात दिवा होता. मी तिला बघितलं नाही.

परत आल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. इथे काहीच बदललं नव्हतं. इथे ती आधीही नव्हतीच. ती गावी होती, आणि माझं मन सांगत होतं की अजूनही गावीच आहे, अंगणात आमसुलं वाळवते आहे. दर शुक्रवारी दुपारी मी फोन कार्ड घेऊन शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन करायचो. ते तिला बोलवायला जायचे. ती गेल्यावर एका शुक्रवारी मी सवयीने म्हटलं, "विशाखाक बोलवा जरा." मग आठवलं. मीच फोन ठेवला.

पुढच्या वर्षी मुलीने, योगिनीने, शंकरबरोबर आईचा मोठा फोटो पाठवला, फ्रेम केलेला, टॉवेलात गुंडाळून. मी तो तसाच ट्रंकेमागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून. योगिनी दर फोनला विचारायची, "बाबा, तुमी फोटो लायलात?"

"हय भिंतीक होल पाडूक देनत नाय गो."

खोटं नव्हतं. पण मला ते बरं पडत होतं. फोटो भिंतीवर गेला, त्याला हार घातला, की मग ती अंगणात राहणार नव्हती.

त्या दोरीकडे बघता बघता मला प्लेटची युक्ती सुचली. सकाळी गाडीखाली शिरलो. बंपरच्या खाली, चासीला, गाडी ओढायचं लोखंडी कडं असतं. त्याला मी क्लॅम्प बसवला. क्लॅम्पमधून ॲल्युमिनियमची पट्टी पुढे काढली आणि बंपरसमोर वर वाकवली. वर दोन पातळ आकडे केले, रेडिएटरपुढच्या जाळीच्या पट्ट्यांत अडकतील असे. जिथे जिथे धातू गाडीला लागणार तिथे सायकलच्या ट्यूबचं रबर. पाना लागू नये म्हणून बटरफ्लाय नट घातले.

"बायलेची दोरी गाडीक बांधलंस मा रे," शंकर म्हणाला. त्याला बरोबर कळलं होतं.

अबू यूसुफ आला. खाली बसून त्याने स्वतः नट सोडले, प्लेट काढली, परत लावली. तीन वेळा. मग बंपरवरून अंगठा फिरवला.

"वो पूछेगा किसने किया. नाम बोलो."

"जयराम."

"जयराम," त्याने पाठ केल्यासारखं म्हटलं. "मैं बोलूँगा."

गाडी तपासणीत पास झाली. नंतर तो दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. कधी हवा बघायला, कधी बॅटरी. कधी काहीच काम नसायचं. चहा घ्यायचा, प्लेट हलवून बघायचा. एकदा त्याने विचारलं, "तुम्हारा घरवाली गाँव में है?" मी हो म्हणालो. शंकरने माझ्याकडे बघितलं आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

दोन हजार तीनमध्ये इराकची राजवट पडली. मग तिथल्या वाळवंटात, धरून नेलेल्यांना पुरलेले खड्डे सापडले. हाडं कुवेतला आणून तपासत होते. एकेक नाव येत होतं. गॅरेजचा टीव्ही चालू असला की आम्ही आवाज कमी करायचो, का ते माहीत नाही. अबू यूसुफ बरेच महिने आला नाही.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात एका गुरुवारी सकाळी निळी गाडी दाराशी थांबली. तो उतरला. सीट पुढे घेतलेली होती, ते मला आधी दिसलं.

"मिल गया," तो म्हणाला.

मी हात पुसत उभा राहिलो.

त्याने खाली बसून नट सोडले, प्लेट काढली, माझी पट्टी काढली. पट्टी माझ्या हातात दिली.

"अब होल कर दो."

"हज्जी, ये ठीक है. हिलता नहीं. रहने दो."

"नहीं, जयराम. अब किसके लिए निकालने का?"

मी बंपरवर टेप चिकटवली, माप घेतलं, खुणा केल्या. पंच मारला. ड्रिल लावलं, तर खालून एक हात आला. अबू यूसुफ गुडघ्यांवर बसला होता आणि ड्रिलच्या खाली त्याने तळहात धरला होता. निळ्या प्लॅस्टिकचे कुरळे तुकडे त्याच्या तळहातावर पडत होते. गरम असणार. त्याने हात हलवला नाही. दुसऱ्या भोकालाही तसाच धरला. मग सगळे तुकडे त्याने रुमालात बांधले आणि रुमाल अंगातल्या लांब झग्याच्या, डिशडाशाच्या, खिशात ठेवला.

मी स्क्रू आवळले. तो जायला निघाला तेव्हा मी म्हणालो, "हज्जी, मेरा घरवाली गाँव में नहीं है. चार साल हुआ."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझा खांदा एकदा दाबला आणि गाडीत बसला. निघण्याआधी त्याने आरसा आपल्या डोळ्यांपुरता खाली केला.

त्या दिवशी गॅरेजमधलं काँक्रीटचं ड्रिल मी मागून घेतलं आणि पिशवीत घालून खोलीवर आणलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी हारिस नमाजाला गेला. मी ट्रंकेमागून फोटो काढला आणि टॉवेल सोडला. तिने कानात मी नेलेल्या रिंगा घातल्या होत्या.

शंकर कांदा चिरत होता. ड्रिल बघून तो उठला.

"हारिसान ऐकल्यान तर?"

"ऐकांदे."

"थांब, पेपर धरतंय खाली."

"नको," मी म्हणालो. "मीच धरतंय."

एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात घडी घातलेला पेपर. काँक्रीट कडक होतं. बिट एकदा घसरलं, मग आत गेलं. पांढरा भुसा पेपरावर पडत राहिला. डावीकडे की उजवीकडे, कोणी सांगितलं नाही.

"तिरको गेलो मेल्या," शंकर म्हणाला. "वीस वर्सा गाडये सरळ करतंस आणि..." फोटो उचलून माझ्या हातात देताना तो पुढचं बोलला नाही.

प्लग ठोकला, स्क्रू घातला, फोटो लावला. फोटो डावीकडे कलला. सरळ करून सोडला की परत कलत होता. पलीकडे तिची दोरी तशीच होती, गाठीसकट.

तीन वाजता कार्ड घेऊन मी खाली गेलो आणि योगिनीला फोन केला. तिने नेहमीसारखं विचारलं. मी म्हणालो, "होय. लायलंय."

"सरळ आसा मा, बाबा?" तिने विचारलं.

"सरळ आसा," मी सांगितलं.