माझ्याच नावाची दुसरी

मी गेमच्या नकली लाँचरमधली सेटिंगची फाईल बोलतेय. मोजक्या ओळींचा माझा जीव, पण डोकावायची खोड दांडगी. शेजारच्या फोल्डरात काय शिजतंय ते मला आधी कळतं.

लाँचर म्हणजे गेमचा दारवान. खरा दारवान सारखा इंटरनेट मागायचा, म्हणून या घरातल्या थोरल्यानं नकली बसवला. हा मुकाट आत सोडायचा. कोण आलंय एवढं मला विचारायचा. माझ्यात थोरल्याचं नाव होतं आणि एक लांबलचक नंबर. त्या नंबराखालीच त्याचा सगळा खेळ साठायचा.

गेममध्ये त्यानं तळ्याकाठी घर बांधलं. आईला म्हणाला, "ही तुझी खिडकी."

"आणि झाडू कोण मारणार तिथं? मीच ना?"

मग तो आजारात गेला. तेव्हापासून दुपारी भांडी आवरली की आई गेम उघडायची. पडद्यावरच्या माणसाच्या डोक्यावर लेकाचं नाव यायचं. खेळता यायचं नाही तिला. नुसती बघत बसायची.

गेल्या आठवड्यात गेम उघडेना. धाकटीनं कुठल्याशा अनोळखी साइटवरून नवा नकली लाँचर आणला. अँटिव्हायरस बोंबलला. "याचं नेहमीचंच! दादाच्या वेळीही असाच ओरडला होता," म्हणत तिनं त्याचं तोंड बंद केलं. जुनं फोल्डर, माझ्यासकट, रिसायकल बिनमध्ये.

माझ्या जागी माझ्याच नावाची दुसरी आली. डोकावले, तर नावाच्या जागी नुसतं 'प्लेअर', नंबर भलताच. आणि तळाशी एक जास्तीची ओळ: गेमबरोबर आणखी एक प्रोग्राम गुपचूप चालू कर.

दुपारी आई बसली. समोर उघडं माळरान.

"अगं, घर कुठंय?"

"आई, गेम तोच आहे गं."

"असेल. पण हा कोण मेला प्लेअर?"

तेवढ्यात पडद्याच्या माथ्यावरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा आपोआप लागला. आई दचकली. मग केस सारखे करून त्या दिव्याकडे बघत हसली. "बघ, आला."

तो नव्हे हो, आई! पलीकडून कोण बघतंय, मलाही ठाऊक नाही.

धाकटे, आधी इंटरनेटची वायर उपट. ती नवी बया घालव. मग बिन रिकामं करण्याआधी एकदा मला उघड. घर कुठं गेलेलं नाही गं, त्याचा नंबर माझ्यापाशी आहे.

पण लवकर कर. आई आता रोज त्या दिव्याला विचारते, "जेवलास का?"